बोळा

पारोळ्याच्या दवाखान्यात खोली नंबर चारला
दाराऐवजी पडदा आहे, आणि पडद्याखाली
सकाळी आठपासून पायांची रांग.
मी चेहऱ्यांआधी टाचा ओळखते.
वेचणी सुरू झाली की भेगांत काळी माती बसते,
ती दिवाळीच्या उटण्यालाही निघत नाही.

उपाशीपोटी या, असं मी आदल्या दिवशी दहादा सांगते.
सोमवार, चतुर्थी, एकादशी,
पोराच्या परीक्षेसाठी धरलेले गुरुवार,
यांतला एकही न चुकवणाऱ्या बाया
नेमका माझा उपास मोडून येतात.
"चहा काय खानं ऱ्हास का वं?"
मी परत पाठवत नाही. आज आली, उद्या येईलच असं नाही.
साखरेच्या आकड्यापुढे 'चहानंतर' लिहिते,
मॅडम रागावतात.

सुपडाबाई नथ्थू चौधरी, वय पन्नासच्या आसपास.
आधीच्या दोघी वाचल्या नाहीत
म्हणून हिला जन्मल्याबरोबर सुपात घातलं, नावही तेच.
पाळी जाता जात नाही, महिन्यातून दोनदा येते,
तिला वाटतं, निरोप घेताना सगळेच असे रेंगाळतात.
पहिल्या वेळी सहा पॉइंट आठ.
एवढ्या रक्तावर ती आदल्या दिवशी
चाळीस किलो वेचून, गाठोडं घेऊन
काट्यापुढे उभी राहिली होती.
मापाड्यानं कापूस मोजला.

शीर सापडेना. दंडाला रबर बांधलं, मूठ आवळ म्हटलं.
बोंडांनी ओरखडलेली बोटं, नखं तळव्यात रुतलेली.
"काढ, पन थोडं ऱ्हाऊ दे मनाजोडे."
नळीत गेलं चहाच्या चमच्याएवढं.
सुई काढली, बोळा दाबला, हात दुमड म्हटलं.
तिनं दुमडला नाही.
बोळा उचलला, दोन बोटांत ओढला,
खिडकीच्या उजेडाकडे धरून तार पाहिली,
तोवर रक्त ओघळून मनगटापर्यंत आलेलं.
"हाऊ कापूस कोना वावरना वं?
धागाच नही येले."

रिपोर्टाच्या उजव्या बाजूला एक छापील रकाना असतो:
बारा ते पंधरा.
तेरा वर्षं मी तो कागद फाडून हातात देते आहे.
बाराच्या वर गेलेल्या बाया मला नावानिशी आठवतात.
त्यांत मी नाही.

फेब्रुवारीत सात पॉइंट नऊ. मे महिन्यात आठ पॉइंट चार.
"पास व्हयनू का मी?"
ऑगस्टात ती आली नाही.
निंदणी असेल, कानबाईचे रोट असतील, दुसरं काही असेल.
फोन लावला तर तो नवऱ्याच्या खिशात वाजला,
आणि नवरा शिरपूरला होता.
कार्डावर एक चौकोन कोरा.

नोव्हेंबरात पडद्याखाली त्या टाचा.
बसली, बाही वर केली, पदराची गाठ सोडली.
कापूस. काडी नाही, कचरा नाही,
रात्री बसून सरकीवरून हातानं सोडवलेला.
"हाऊ लाव. आपलाच शे."
आपला म्हणजे शेतमालकाचा.
मी म्हटलं, हा लावता येत नाही, निर्जंतुक लागतो.
तो शब्द तिनं तोंडात घोळवला आणि गिळला.
सरकारी बोळ्यावर या वेळी हात दुमडला,
पण तोंड दुसरीकडे.

आकडा ऐकायला थांबली नाही,
फाट्यावर ट्रॅक्टर हॉर्न देत होता.
लाइट बाराला आली, मशीन घुमलं.
नऊ पॉइंट सहा.
कोणाला सांगू?

तिचा कापूस टेबलावरच राहिलेला.
ड्रॉवरात टाकायला उचलला, रबरं आणि वाळलेल्या पेनांजवळ,
आणि सहज दोन बोटांत धरून ओढला.
बोटभर तार आली, अजून येत होती,
तेवढ्यात पडद्यापलीकडून कोणी विचारलं,
"चहा पिसन उनू, चाली का वं?"